ऑफिसचा पत्ता

निरंजन आज स्कूटरनं ऑफिसला गेला, म्हणून दुपारी नवी गाडी पहिल्यांदाच अनुश्रीच्या हाती आली. नकाशा उघडला, तर पडद्यावर 'ऑफिस' म्हणून तेलीबांधा तलाव दिसत होता. निरंजनचं ऑफिस तर नवा रायपूरला. तिनं पत्ता दोनदा दुरुस्त केला, तरी पुन्हा तलावच. शेवटी तिनं शोरूमला फोन लावला.

"खराबी नहीं है, दीदी. गाड़ी रोज दिनभर जहाँ खड़ी रहती है, उसी को ऑफिस समझ लेती है."

ती तलावावर गेली. बाकावर निरंजन तिनंच भरून दिलेला डबा खात होता. शेजारी तिचे बाबा बसले होते.

"नोकरी गेली, अनु," निरंजन मान खाली घालून म्हणाला. "दिवाळीतच, गाडी घेतली त्याच आठवड्यात."

"अन् बाबा, तुम्हाले माहीत होतं?"

"तुले सांगू नका, असं मीच म्हणलो जावयाले. काहून उगाच तुह्या जिवाले घोर?"

रोज सकाळी फोन करून हेच बाबा विचारायचे, "जावई निघाले का ऑफिसले?" आणि ती मोठ्या कौतुकानं सांगायची, "हव बाबा, आत्ताच निघाले."