व्याह्यांशी इंग्रजीत बोलणी

सारी नोकरी मी शाळेत मुलांना इंग्रजीचे ॲडव्हर्ब क्लॉज शिकवले. 'ऑल्दो'ने सुरुवात कशी करायची, 'बिकॉज' कुठे आणायचं, सगळं झोपेतही सांगेन. त्यामुळे आमच्या मुलीच्या, ऋताच्या लग्नाची बोलणी करायला चेन्नईहून मुलाचे आईवडील आमच्या मुलुंडच्या घरी आले, तेव्हा घरादाराची भिस्त माझ्यावर. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही.

मी मनात एक झकास वाक्य जुळवायला घेतलं. 'आपली राज्यं वेगळी असली, तरी...' हा क्लॉज आधी ठेवू की शेवटी? ते ठरेपर्यंत विषय बदलला. मुलाचे वडील माझ्याकडे बघून नुसते हसत होते. प्राध्यापक आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. तोंड उघडत नाहीत, म्हणजे तमिळ शिकवत असणार बिचारे, असं वाटून मीही मायेने हसत राहिलो.

माझ्या बायकोने, सुगंधाने कोथिंबीर वडी पुढे केली. "यू ईट, आय हॅपी!"

मी डोळे मिटून घेतले.

"यू गिव्ह रेसिपी, आय मोअर हॅपी!" मुलाची आई म्हणाली. चहा संपेपर्यंत दोघींनी मे महिन्यातली तारीखसुद्धा पक्की केली.

पाहुणे गेल्यावर मी ऋताला विचारलं, "काय गं, तुझे सासरे बोलतच नाहीत का?"

"घरी खूप बोलतात. आज म्हणे तुमच्यासमोर चुकायची धास्ती वाटत होती."

"माझी कसली धास्ती?"

"बाबा, तेही इंग्रजीचं व्याकरणच शिकवतात."