हाताची सवय

रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठीचं सॉफ्टवेअर तिनंच बनवलं होतं. औषध लिहिताना स्क्रीनवर येणाऱ्या धोक्याच्या सूचना वाचून वाचून जीव मेटाकुटीला येतो, अशी डॉक्टरांची कुरकुर होती. म्हणून तिनं प्रत्येक सूचनेवरचं 'पुढे' हे बटण एकाच जागी आणून ठेवलं. हाताला शोधायला नको.

आज तिच्या दादाला तिथंच दाखल केलं होतं. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि शेजारची खुर्ची पुढे केली.

"मॅडम, तुम्ही आमच्या डोक्याचा मोठा ताप घालवलात," दादाचं औषध टाईप करता करता ते तिच्याकडे बघून म्हणाले.

स्क्रीनवर लाल चौकट उमटली. ती वाचायला लागली, तोवर डॉक्टरांचं बोट 'पुढे'वर पडलं आणि चौकट गेली. सिस्टर तेच औषध इंजेक्शनमध्ये भरून पडद्याआड दादाकडे गेली. डॉक्टरांचं कौतुक चालूच होतं. ते मध्येच तोडणं तिला बरं दिसेना.

शेवटी तिनं विचारलं, "मघाशी लाल काय आलं होतं?"

"लाल?" डॉक्टर हसले. "आलं असेल. तुमच्या कृपेनं आता ते बघावंही लागत नाही."

पडद्याआड सिस्टर दादाला म्हणत होती, "झालं, काका. उगाच घाबरत होतात."