खिडकीवाली

"सिस्टर, आईची बाटली रोज पिवळी असते. आज पांढरी कशी?"

आजींच्या लेकीने विचारलं आणि सिस्टरचा हात सलाइनच्या नळीकडे धावला. चाकी फिरवून तिने थेंब थांबवले आणि मग बाटलीवरचं नाव वाचलं. ते शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं होतं.

त्या बाईंना वारा सोसत नव्हता आणि आजींना खिडकी हवी होती, म्हणून जेवणानंतर दोघींनी खाटा बदलल्या होत्या. परवानगी सिस्टरनेच दिली होती, उशाही तिनेच हलवल्या होत्या. तरी बाटली घेऊन ती सवयीने खिडकीकडेच गेली. वॉर्डात नावाने कोण कुणाला ओळखतं? खिडकीवाली, दारवाली, पंख्याखालची, झालं.

"डॉक्टरांनी औषध बदललंय," हे वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण औषध आजींच्या अंगात गेलं होतं.

"चूक झाली माझी. ही बाटली त्यांची आहे," ती म्हणाली. तिने डॉक्टरांना बोलावलं आणि नळीतलं उरलेलं औषधही आत जाऊ नये म्हणून नळीसकट बाटली उतरवली.

लेकीने तिचं मनगट धरलं. "कुठे नेताय? इथेच ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर."

सिस्टरने बाटली टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी आजींना नीट तपासलं. थोडंच गेलंय, धोका नाही, पण आज लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले. जाताना सिस्टरकडे न बघताच "मला येऊन भेटा" म्हणाले.

"एकमेकांना सांभाळूनच घेणार," लेक पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सिस्टर पिवळी बाटली घेऊन आली. लेकीने ती हातात घेतली, नाव वाचलं, उजेडात धरून पाहिली आणि नाइलाजाने परत दिली. सिस्टर जवळ येताच आजींनी हात पांघरुणात ओढून घेतला.

"आधी नाव विचार."

सिस्टरचा चेहरा उतरला. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

आजींनी तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत नाव सांगितलं. शेजारच्या बाईंनी दचकून मान वर केली. नाव त्यांचं होतं.

"आई, अगं काय बोलतेस?" लेक म्हणाली. आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

सिस्टरने नळी खाली घेतली.

"हे तुमचं नाव नाही, आजी. खरं सांगेपर्यंत मी लावणार नाही."

आजी थोडा वेळ तिला निरखत राहिल्या. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि पांघरुणातून हात बाहेर काढला.

"आता लाव."