पिठाची बोटं

ग्रामसभेत सरपंचाच्या खुर्चीत आप्पा ऐसपैस बसले होते. निवडून आलेल्या सरपंच, त्यांच्या पत्नी शालनबाई, मागे सतरंजीवर होत्या.

"पुण्यात शिकून कुठल्या पक्षाची झालीस गं?" गावातल्या तात्यांनी आप्पा-शालनबाईंच्या मुलीला, मयूरीला डिवचलं.

"कुठल्याच नाही. आई भाकरी थापताना आप्पा कागद पुढे करायचे, ती न वाचता सही करायची. दप्तरातल्या प्रत्येक ठरावावर पिठाची बोटं उमटलीत. लोकांनी जिला निवडलं, तिनंच खुर्चीत बसावं. एवढंच माझं राजकारण, तात्या."

शालनबाईंनी सवयीनं हात पदराला पुसले आणि त्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आप्पांना उठावंच लागलं.

खुर्चीत बसून शालनबाईंनी पहिला ठराव शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "अहो, तेवढं चहाचं बघा."