तापलेलं कार्ड

"आप्पा, हे परत बंद पडलं," म्हणत केतकीने कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड काढून सासऱ्यांसमोर टेबलावर ठेवलं. सेकंडहँड घेतलेलं ते कार्ड दहा मिनिटांत तापायचं. संध्याकाळपर्यंत बिल्डरला नव्या घरांची चित्रं द्यायची होती, आणि काम अर्ध्यावर अडलं होतं.

आप्पांनी मिरजेत पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले होते. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला नाही.

"माझ्या हातून आता काही व्हायचं नाही, पोरी."

"मी करते ना. तुम्ही नुसतं सांगा."

तिने कार्डावरचे पंखे सोडवले, तसे आप्पा न राहवून पुढे वाकले. "ती चिपवरची पेस्ट बघ, वाळून खडखडीत झालीय. उष्णता बाहेर पडणार कशी? आधी स्वच्छ पूस. नवी लावशील ती वाटाण्याएवढीच. आणि स्क्रू समोरासमोरचे आवळ, एका बाजूने नको."

शेवटचा स्क्रू सारखा निसटत होता. आप्पांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. तो थरथरत होता, पण जागा अचूक सापडली आणि स्क्रू बसला.

कार्ड पुन्हा जोडलं. तासभर काम चाललं तरी ते बंद पडलं नाही. केतकीने आनंदाने मागे वळून पाहिलं.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या मिक्सरलाही हल्ली जळका वास येतो. आण इकडे, बघू दोघं मिळून."