ड्वेनची साक्ष

कोच ट्रॅमेल म्हणजे असा माणूस, की त्यांनी शिट्टी फुंकली तर अलाबामातल्या तीन गावांच्या गाई रांगेत उभ्या राहायच्या. वीस वर्षं कॉलेजच्या पोरांना अंगावर धडका मारायचा तो अमेरिकन फुटबॉल शिकवला, मग तिथलेच कुलगुरू झाले, आणि आता राज्याचे सिनेटर. लोक मात्र अजून कोचच म्हणायचे.

व्हॅनेटा नवऱ्याला हाताला धरून त्यांच्या समितीपुढे आली. ड्वेनने चार वर्षं कोचसाठी डोक्याने टकरा घेतल्या होत्या. आता त्याला लेकीचं नाव आठवत नव्हतं, दोन वर्षांत तोंडातून शब्द फुटला नव्हता. अशा खेळाडूंच्या उपचारांचा कायदा करायचा की नाही, ते आज ठरणार होतं.

"कुलगुरू होतात तेव्हा म्हणालात, उपचारांचा खर्च कायद्यात बसत नाही," व्हॅनेटा म्हणाली. "आता कायदाच तुमच्या हातात आहे, कोच. बघा तरी माझ्या माणसाकडे!"

"अगं पोरी, बघतो की! माझाच वाघ तो."

कोच खुर्चीतून उठून खाली आले. त्यांनी ड्वेनची मान दोन्ही हातांत धरली आणि भर सामन्यात पडलेल्या पोराला विचारायचे तसे ओरडले, "काय रे, बरा आहेस ना?" त्यांच्या मैदानावर या प्रश्नाला एकच उत्तर चालायचं.

ड्वेन ताडकन उभा राहिला. "एकदम ठणठणीत, कोच! पाठवा मला मैदानात!"

लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. नवऱ्याचा आवाज ऐकून व्हॅनेटाला रडूच फुटलं.

"लिहून घेतलंस ना रे?" कोचनी कारकुनाला विचारलं. "चला, पुढचा विषय."