कोणाचीच हरकत नाही

"तुमचे वकील कुठायत?" टेबलामागच्या बाईंनी अर्जावरून नजर न काढता विचारलं.

"मीच आहे," सोफावाला म्हणाला.

दिवाळं निघालंय हे सिद्ध करायलाही पैसे लागतात, हे त्याला वकिलाची फी ऐकल्यावर कळलं होतं. तेवढी रक्कम गाठीला असती तर तो त्या वाटेला गेलाच कशाला असता? म्हणून दिवाळखोरीचा अर्ज त्याने घरीच, चष्मा पुसत पुसत भरला. जन्मभर लोकांच्या बुडाखाली मऊ गाद्या घालणाऱ्या या माणसावर आज लाकडी बाकावर ताटकळायची वेळ आणली होती ती एका नाट्यगृहाने. त्यांनी सगळ्या खुर्च्या नव्याने मढवून घेतल्या आणि बिल चुकतं करायच्या आधीच दाराला कुलूप ठोकलं. मग रेक्झिनवाला, फोमवाला, बँक, दुकानाचा मालक, सगळे हात धुऊन याच्या मागे लागले.

कोरा अर्ज देताना याच बाईंनी बजावलं होतं, की ज्यांचं देणं आहे ती नावं झाडून सगळी लिहा, अगदी नातेवाइकांचीसुद्धा, त्यात तुमचंच भलं आहे. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन एक नाव गाळलं.

ते नाव बायकोच्या थोरल्या भावाचं होतं. बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी त्याच्या रकमेपुढे फिकी पडली असती. नाट्यगृहाचं काम घेताना त्यानेच पैसे पुढे केले, एका कागदावर सही घेतली आणि वर म्हणाला, "हे आपल्या दोघांत. माझ्या बहिणीला कळता कामा नये." आता यादीत नाव घातलं की त्याच्या घरी सरकारी नोटीस जाणार, वहिनी ती वाचणार आणि संध्याकाळच्या आत बायकोचा फोन वाजणार. नवऱ्याने माहेरी हात पसरल्याचं कळून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. शिवाय दिलेला शब्द होताच. तेव्हा 'याखेरीज मी कोणाचंही देणं लागत नाही' या ओळीखाली त्याने शपथेवर सही ठोकली.

आज अर्ज मंजूर झाला तर तो मोकळा होणार होता. खुर्च्यांच्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती, महिन्याचा पगार सुखाने घरी येणार होता. पण खोटी शपथ उघडी पडली तर अर्ज बाद, आणि वर खटला.

आतून पुकारा झाला. तो साहेबांच्या खोलीत जाऊन उभा राहतो न राहतो तोच मागचं दार उघडलं आणि बायकोचा भाऊ आत आला. तारीख बायकोनेच सांगितली असणार. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तो शेवटच्या रांगेत बसला आणि लग्नकार्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी मान हलवली. त्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद डोकावत होता. आपल्या सहीचा तोच कागद, सोफावाल्याने ओळखलं.

साहेब एकेक नाव वाचू लागले. त्यांच्या खुर्चीची डावी स्प्रिंग गेली होती, त्यामुळे ते प्रत्येक नावाला थोडे कलत होते. एरवी सोफावाल्याने तिथल्या तिथे दुरुस्तीचा भाव सांगितला असता.

"एखादं नाव राहिलं असेल तर आत्ता सांगा," साहेब म्हणाले. "अजून घालता येईल."

सांगून टाकावं आणि काय होईल ते होऊ द्यावं, असं वाटून सोफावाल्याने तोंड उघडलं आणि एकदा मागे पाहिलं. बायकोच्या भावाने हलकेच मान हलवली. नको, बोलू नका.

"नाही साहेब. एवढीच."

"कोणाची हरकत?"

पुढच्या रांगेतला रेक्झिनवाला स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, पण उठला नाही. शेवटच्या रांगेतला माणूस छताकडे बघत होता. साहेबांनी शिक्का उचलला, या यादीतली सगळी देणी माफ झाली असं सांगितलं आणि पुढचा अर्ज ओढला.

बाहेर जिन्यापाशी सोफावाल्याने बायकोच्या भावाचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. सख्ख्या भावानेही केलं नसतं ते या माणसाने केलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"दादा, एक शब्द बोलला असतात तर मी संपलो असतो."

"आणि माझे पैसेही," दादाने आपले हात अलगद सोडवून घेतले. "यादीत नाव आलं असतं तर बाकीच्यांबरोबर माझेही बुडाले असते. जे यादीत नाही ते माफ होत नाही, जावईबापू. आता तुमच्या पगारावर हक्क सांगणारा मी एकटाच उरलो."

सोफावाल्याने विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दादाने खिशातला कागद नीट आत सरकवला.

"मी वकील केला होता."